25 हजारांचा शेव्हर: ब्राऊन, पॅनासोनिक की फिलिप्स?

तुमचा प्रश्न असा: ठाण्यात राहतो, रोज दाढी करावी लागते, बजेट 25 हजारांपर्यंत आहे, इलेक्ट्रिक शेव्हर ब्राऊनचा सिरीज 9, पॅनासोनिकचा पाच ब्लेडचा की फिलिप्सचा 9000 घ्यावा, आणि साध्या ब्लेडपेक्षा खरंच काही वेगळं मिळतं का? शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘घरचे म्हणतात हे महागडं खेळणं आहे.’ त्या खेळणं शब्दामुळे लिहायला बसलो. हाच शब्द मी तीन वर्षं ऐकतोय.

माझे वडील 78 वर्षांचे. आम्हीही ठाण्यातच, नौपाड्यात राहतो. बाबांनी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात 34 वर्षं काढली आणि पहिल्या पाळीला जातानासुद्धा दाढी केल्याशिवाय कधी घर सोडलं नाही. स्टीलची वाटी, ब्रश, दोन्ही बाजूंनी धारेचं ब्लेड, शेवटी तुरटी. निवृत्त झाल्यावरही हा क्रम मोडला नाही. पुढे हृदयाचे ठोके अनियमित झाले म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. आम्ही डॉक्टरांना पालेभाज्यांचं विचारलं, उपासाचं विचारलं, रक्त किती दिवसांनी तपासायचं ते विचारलं. दाढीचं विचारायचं कुणाला सुचलं नाही.

जुलैतली सकाळ होती. बाबांचा हात हल्ली थोडा थरथरतो. हनुवटीखाली कातडीची घडी पडते तिथे ब्लेड लागलं. जखम तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांनी सवयीने तुरटी फिरवली, पण रक्त थांबेना. मी स्वच्छ रुमाल दाबून धरला. दर दोन मिनिटांनी उचलून बघायचो आणि परत रक्त यायचं. हीच चूक, असं डॉक्टर नंतर म्हणाले: मध्ये न उचलता सलग दाबून धरायचं असतं. पाऊण तास गेला. बनियनचा गळा लाल झाला होता आणि बाबा मलाच सांगत होते, ‘अरे काही नाही, तू नीघ, गाडी चुकेल तुझी.’

डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, ब्लेड बंद, मशीन घ्या. नेरूळला राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावाला हे पटलं नाही. ‘ऐंशीला आलेल्या माणसाला वीस हजारांचं खेळणं कशाला? आठवड्यातून दोनदा सलूनवाल्याला घरी बोलव,’ हे त्याचं म्हणणं. सलूनवाल्याच्या हातातही ब्लेडच असतं, हे मी त्याला किती वेळा सांगितलं ते मोजलेलं नाही.

पहिलं मशीन मी स्वस्तातलं आणलं आणि चुकीचं वापरलं. बाबांची आंघोळ झाली की लगेच, ओलसर, घामेजल्या गळ्यावर, दाबून. तिसऱ्या दिवशी गळाभर लाल पुरळ. दादा रविवारी आला, बघितलं आणि म्हणाला, ‘झालं समाधान?’ ते मशीन दोन महिने कपाटात पडलं.

मला दाढी करायला शिकवली ती घंटाळीजवळच्या एका म्हाताऱ्या सलूनवाल्याने. बाबा त्यांच्याकडे वर्षानुवर्षं केस कापून घेतात. मी पुरळाचं सांगितलं तर त्यांनी बाबांच्या गालावर दोन बोटं ठेवली, कातडी कानाकडे ओढली आणि म्हणाले, ‘आता बघा, केस उभा राहिला. ताणल्याशिवाय केस उठत नाही, मग तुम्ही दाबता.’ इतकंच. मशीनची जाळी कागदापेक्षा पातळ असते. केस तिच्या भोकातून आत गेला की आतलं ब्लेड तो कापतं. दाबल्याने केस आत जात नाही, कातडी मात्र फुगून भोकात शिरते आणि सोलवटते. डाव्या हाताने ताणायचं, उजव्या हाताने मशीन कातडीला काटकोनात धरायचं, नुसतं टेकवायचं आणि केसांच्या उलट दिशेने आखूड आखूड हात चालवायचे. गळ्यावर केस कुठे खाली, कुठे आडवे वाढतात. आधी बोट फिरवून बघा. बाबांच्या गळ्याच्या डाव्या बाजूला ते चक्क कानाकडे वाढतात आणि हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

आपल्याकडच्या हवेत दुसरी गोष्ट घामाची. ओल्या कातडीवर जाळी सरकत नाही, अडखळते. कोरडी दाढी आंघोळीच्या आधी करा, कारण पाण्याने कातडी किंचित फुगते. पंख्याखाली बसा आणि गळ्यावर हलकी टाल्कम पावडर लावा. पावसाळ्यात एवढ्यानेच निम्मी आग कमी होते. ओली दाढी आवडत असेल तर मशीन त्यासाठी बनलेलं आहे का ते आधी बघा आणि फेस नीट करून मगच चालवा. फेस अर्धवट असला तर दोन्हीकडचं नुकसान.

आता तुमची तीन नावं. मी शेवटी ब्राऊनचा सिरीज 9 घेतला, कारण दोन जाळ्यांच्या मध्ये आडवे झोपलेले केस उचलणारी पट्टी आहे आणि बाबांच्या गळ्याला तीच हवी होती. पॅनासोनिकची मोटर तिघांत सगळ्यात वेगवान, मिनिटाला 14,000 फेऱ्या. पाच ब्लेडचे मिळून 70,000 काप. केस राठ आणि दाट असतील तर मी डोळे मिटून तो घेईन. ऑफिसमधल्या एका मित्राची दाढी दुपारीच हिरवी दिसायला लागते, त्याला त्याच्याशिवाय दुसरं चालत नाही. फिलिप्सची गोल डोकी 1939 पासून आहेत. दोन दिवसांची वाढलेली दाढी आणि सगळीकडे फिरणारे केस ती चांगली घेतात, पण ती गोल गोल फिरवायची असतात, सरळ ओढायची नाहीत. माझा मेहुणा सरळ ओढायचा आणि कंपनीला नावं ठेवायचा. हात बदलला, तक्रार संपली. रोज दाढी करणाऱ्याने जाळीवालाच, म्हणजे ब्राऊन किंवा पॅनासोनिक, घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

महागाचा फायदा विचाराल तर तो एकाच गोष्टीत आहे: त्याच जागेवरून मशीन कमी वेळा फिरवावं लागतं. स्वस्त मशीन हनुवटीखाली सहा वेळा फिरवायला लागायचं, आता दोनदा. चार फेऱ्या वाचल्या म्हणजे म्हाताऱ्या कातडीवरचं चार वेळा घासणं वाचलं. मशीनवरचा स्क्रीन, फोनला जोडायचं ॲप, यासाठी जास्त पैसे देऊ नका.

पैसे कुठे जातात ते ऐका. ब्राऊनची जाळी-ब्लेडची कॅसेट साधारण 18 महिन्यांनी बदलायची. पॅनासोनिकची जाळी वर्षाने, आतली ब्लेडं दोन वर्षांनी. फिलिप्सच्या 9000ची डोकी दोन वर्षांनी. हा खर्च हजारांत असतो. राम मारुती रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, आधी विचारा की या मॉडेलची जाळी इथे मिळते का. परदेशातून कुणी आणून देत असेल तर हे आणखी नीट विचारा. जाळी न बदलता तीन वर्षं वापरून ‘मशीन बाद झालं’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

आपोआप धुणारा स्टँड मी घेतला नाही. त्यात घालायच्या द्रावणाच्या भरण्या परत परत विकत घ्याव्या लागतात. रोज दाढी झाली की डोकं काढून कोमट पाणी आणि हात धुवायच्या साबणाचा एक थेंब. उघडंच वाळत ठेवायचं, ओल्यावर टोपण लावायचं नाही. जाळीला ब्रश लावायचा नाही, ती वाकते. आठवड्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. साबणाने वंगण निघून जातं, तेल घातलं नाही तर मशीन तापतं आणि आवाज बदलतो.

आणखी काही गोष्टी सांगायला हव्यात. ब्लेडने होते तितकी गुळगुळीत दाढी मशीनने होत नाही, 25 हजारांच्या मशीननेही नाही. आणि पहिले तीन आठवडे कातडी कुरकुर करते. मध्येच ब्लेड वापरलंत तर सवय मोडते आणि दिवस परत मोजायला लागतात. घरात कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर मशीननेही जपूनच करा. जाळीला बारीक चीर गेली असेल तर ती ब्लेडसारखीच कापते, म्हणून आठवड्यातून एकदा ती उजेडात धरून बघा. तुमच्या कातडीवर मुरुमं असतील तर आधी डॉक्टर, मग मशीन.

तीन वर्षांत बाबांना एकदाही रक्त आलेलं नाही. रोज सकाळी सातला ते खुर्ची खिडकीकडे वळवून बसतात, मान वर करतात. झालं की उलट्या हाताने गाल चाचपून बघतात आणि एखादा खुंट राहिला असेल तर बोट ठेवून दाखवतात. हे दहा मिनिटांचं काम मी कुणाला देत नाही.

गेल्या महिन्यात ते चार दिवस नेरूळला राहायला गेले. मशीन बरोबर दिलं, तेलाची बाटली राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन, ‘याला तेल कुठलं घालतोस? आज आवाज वेगळा येतोय.’ मी नाव सांगितलं आणि एकच थेंब, असंही सांगितलं. तो म्हणाला, ‘गळ्याला डावीकडे केस कानाकडे वाढतात त्यांचे, तुला माहितीये का?’