'गुदमरणे' आणि 'घुसमटणे' यांत फरक काय? 'एखाद्याला गुदमरवणे' म्हणता येतं का?

दोन्हींत हवा कमी पडते, पण वापर वेगळा. 'गुदमरणे' मुख्यतः शरीराचं: धुरामुळे गुदमरून मृत्यू, गर्दीत जीव गुदमरला. 'घुसमटणे' बंद खोलीतही चालतं, पण आज ते जास्त मनाचं झालंय. 'सासरी तिची घुसमट होते' म्हणतात, तिथे 'गुदमर' कोणी म्हणणार नाही. त्याच्याच जवळचा शब्द 'कोंडमारा'. यात बाहेरून कुणीतरी दाबतंय असा भाव येतो.

'गुदमरवणे' व्याकरणाने बरोबर आहे, पण कानाला जरा बनवलेलं वाटतं. दुसऱ्याने जीव घेतला असेल तर मराठी कृतीच सांगते: गळा आवळून, नाकतोंड दाबून, श्वास कोंडून मारलं. बातमीत 'गळा दाबून खून' असतं, 'गुदमरवून खून' क्वचितच.

घशात घास अडकला तर मात्र आधी वेगळाच शब्द येतो. तिथे 'ठसका लागला', फार झालं तर 'घास अडकून श्वास कोंडला' किंवा 'गुदमरला'.

आणि हो, 'गुदमरणे' कौतुकातही चालतं: 'त्यांच्या पाहुणचाराने अगदी गुदमरून गेलो.' इथे 'घुसमटून गेलो' म्हणालात तर यजमान रागावतील!