दहा तारे कोणी दिले?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

‘स्पायडरलँड’वरचा तुझा मसुदा वाचला. भाषा वाहती आहे. पण पहिल्याच परिच्छेदात तू ठोकून दिलंयस की स्लिंट या अमेरिकन रॉक बँडच्या या अल्बमला समीक्षकांनी झिडकारलं आणि पुढच्या पिढीनं न्याय दिला. हे वाक्य आधी खोड. झिडकारायलासुद्धा कोणीतरी ऐकावं लागतं. मार्च 1991मध्ये ‘टच अँड गो’ या रेकॉर्ड कंपनीनं ती बाजारात आणली, तोवर बँड मोडलेला होता. दौरा नाही, गाजावाजा नाही. मुखपृष्ठावर खाणीतल्या पाण्यातून वर आलेली चार डोकी, आणि बँडचं नावही नाही. दुकानदार अशी रेकॉर्ड कोणाच्या गळ्यात मारणार? दुर्लक्ष झालं ते असं.

ज्याच्या कानावर पडली, त्यानं मात्र हात राखून लिहिलं नाही. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीनं ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकात दहा तारे दिले, तेही सणसणीत शिवी हासडून. आम्ही यांना प्रत्यक्ष ऐकलं होतं अशा थापा लोक दहा वर्षांनी मारतील, असंही लिहून ठेवलं. आता याची दुसरी बाजूही तुझ्या लेखात आली पाहिजे: बँडचा आधीचा अल्बम ‘ट्वीझ’ अल्बिनीनंच रेकॉर्ड केला होता. म्हणजे घरचाच माणूस! एखाद्या कडक संपादकानं ते परीक्षण परतच पाठवलं असतं. तरी मला ते आवडतं. चार लोक काय म्हणतात याचा अंदाज घेत न बसता गड्यानं स्वतःची पत पणाला लावली.

तुझी खरी अडचण पुढे आहे. कोणाला काय झालं, बँड का फुटला, या ऐकीव गोष्टींना तू दीड पान दिलंस आणि संगीताला सहा ओळी. चार दिवसांत अल्बम झाला याचंही तुला फार अप्रूप. ऑगस्ट 1990मध्ये शिकागोच्या रिव्हर नॉर्थ रेकॉर्डर्समध्ये ब्रायन पॉलसननं तो चार दिवसांत मुद्रित केला, हे खरं. पण त्याआधी या पोरांनी आपल्या गावी, लुइव्हिलमध्ये, ड्रमरच्या आईवडिलांच्या तळघरात तेच तुकडे घोटून घोटून पक्के केले होते. म्हणून तर वाद्यं एकत्र वाजवून घेता आली. ही मेहनत सांग, चमत्कार सांगू नकोस.

आता हेडफोन लाव आणि ‘नोस्फेरातू मॅन’ या गाण्याच्या मात्रा बोटांवर मोज. कडव्याला पाच, आणि गिटार अंगावर येते तिथे सहा. ती एक जादा मात्रा पोटात गोळा आणते. शब्दांकडे लक्ष नसलं तरी आणते. ‘डॉन, अमन’मध्ये ड्रम नाहीतच. ड्रमर ब्रिट वॉलफर्ड गिटार घेऊन पुटपुटतो, आणि पार्टीतून बाहेर पडलेल्या त्या माणसाचं अवघडलेपण ठेका नसल्यामुळे जास्त टोचतं. ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’मध्ये तर ब्रायन मॅकमॅहनचा आवाज बराच वेळ वाद्यांखाली दबलेला राहतो. कान टवकारून ऐकावं लागतं. शेवटी तो किंचाळतो तेव्हा आपण स्पीकरच्या फार जवळ गेलेलो असतो. तू लिहिलंस, ‘शेवट थरारक आहे’. थरार कशानं येतो ते लिही ना!

आणखी एक. ‘पोस्ट-रॉक करायचं असं ठरवूनच हे वाजवलं’ हेही काढ. पोस्ट-रॉक म्हणजे रॉकचीच वाद्यं घेऊन रॉकच्या साच्याबाहेर वाजवलेलं संगीत; समीक्षक सायमन रेनल्ड्सनं तो शब्द चलनात आणला 1994 साली. या पोरांना शिक्का मागाहून बसला. मोग्वाईसारख्या बँडांनी त्यांच्याकडून हळू-मोठ्याचा खेळ उचलला, पण पुढच्यांची वही दाखवून आधीच्यांना मार्क देऊ नयेत.

आणि सगळंच डोक्यावर घ्यायची सक्ती नाही. सहा गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं, त्यातलं ‘फॉर डिनर’ मला नेहमीच भरतीचं वाटत आलंय. ‘वॉशर’च्या नऊ मिनिटांतला एक क्षणही मी सोडणार नाही. तुझं नेमकं उलट असेल तर उलट लिही, फक्त कुठल्या मिनिटाला काय खटकलं ते दाखव. दुसरा मसुदा छापखान्याच्या तारखेआधी चार दिवस तरी माझ्याकडे येऊ दे.

तुझा,
काका