हिमनद्या आक्रसल्या तर आजूबाजूच्या हवामानावर काय परिणाम होतो?

आसपासच्या दऱ्या जास्त तापतात, कारण ऊन परतवणारा पांढरा पृष्ठभाग जातो आणि दरी गार ठेवणारा वाराही मंदावतो. ताजे हिम अंगावर पडलेल्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून अधिक परतवते. खालचा काळा खडक उघडा पडला की तो बहुतेक ऊन शोषून घेतो. वाऱ्याची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. बर्फाला टेकलेली हवा गार, जड होऊन उताराने दरीत वाहते. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याशी, सुमारे ५,०५० मीटर उंचीवरच्या पिरॅमिड प्रयोगशाळेतल्या जवळपास तीन दशकांच्या नोंदींवर २०२३ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथले उन्हाळ्यातले कमाल तापमान वाढलेले नाही, उलट किंचित उतरले आहे! वरची हवा तापली, बर्फ मात्र शून्य अंशाच्या वर जाऊ शकत नाही. दोघांतला फरक वाढून थंड वारा जोरात वाहू लागला. तोच वारा दरीतून चढणारी दमट हवा खाली अडवतो, त्यामुळे उंचावर हिमवृष्टी आणि पाऊस घटतो, म्हणजे हिमनदीची भरपाईही कमी होते. मात्र हा गारवा हिमनदी पुरेशी मोठी असेपर्यंतच टिकतो; ती लहान झाली की दरी झपाट्याने तापू लागते.