एआयचा कोड, मुलांचं सर्किट: आमच्या लॅबमध्ये काय चुकलं

ताई, तुमची पोस्ट वाचली. आठवीची मुलं चॅटजीपीटीकडून कोड घेतात, तारा जोडतात, चाललं नाही की पुन्हा त्यालाच विचारतात, तास संपतो आणि हातात काही नसतं. लॅबमध्ये एआय बंदच करावा का, असं तुम्ही विचारलंय. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या टिंकरिंग लॅबमध्ये (जिथे मुलं स्वतःच्या हातांनी यंत्रं, सर्किट बनवून शिकतात) अगदी हेच चालू होतं. माझं मत आधीच सांगतो: बंद करू नका. पण तो तासाच्या सुरुवातीला आणू नका. मी आणला होता, आणि त्याची किंमत माझ्या विद्यार्थिनींनी मोजली.

मी विज्ञानाचा शिक्षक आहे, इलेक्ट्रॉनिक्स शिकलो ते लॅब आल्यावर. त्यामुळे तांत्रिक बाबी एकदा स्वतः ताडून घ्या.

नववीच्या तीन मुली जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मातीतला ओलावा मोजून पंप चालू-बंद करणारा प्रकल्प करत होत्या. ईएसपी३२ बोर्ड (कोड चढवता येणारा, वायफाय असलेला छोटा बोर्ड), ओलाव्याचा सेन्सर, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), छोटा पंप. वेळ कमी होता म्हणून मीच म्हणालो, आधी एआयकडून पूर्ण कोड घ्या, मग त्यात सांगितल्याप्रमाणे तारा जोडा. कोड आला, सेन्सर जीपीआयओ ४ वर, म्हणजे बोर्डाच्या ४ नंबरच्या पिनवर जोडला, पहिल्या झटक्यात चाललं. मुली खूश, मीही खूश. शाळेचं नेट त्या आठवड्यात बंद होतं, म्हणून मोबाइलवर रीडिंग दाखवायचा वायफायचा भाग प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी जोडला. तोही एआयकडूनच घेतला.

वायफाय जोडल्याबरोबर ओलाव्याचं रीडिंग बिघडलं. माती कोरडी असो की चिखल, आकडा हलेना. एआयला विचारलं, तो म्हणाला सेन्सर खराब असेल. बदलला. मग म्हणाला वीजपुरवठा कमी पडत असेल. वेगळा ॲडॅप्टर लावला. मग कोडच नव्याने लिहून दिला. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही तेच करत राहिलो. दर वेळी उत्तर इतक्या ठाम भाषेत यायचं की आपणच काहीतरी चुकतोय असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला: सेन्सर याच पिनला का जोडला? मुली गप्प. त्यातली एक हळूच म्हणाली, ‘कोडमध्ये तसं आलं होतं.’ चार महिने मातीचे डबे वाहून आणणाऱ्या, रिलेच्या तारा स्वतः सोल्डर केलेल्या मुलींना आपल्याच प्रकल्पातल्या एका पिनबद्दल सांगता आलं नाही. ती शांतता मला अजून आठवते. दोष माझा होता, कारण क्रम मी ठरवला होता.

उत्तर सापडलं ते परत आल्यावर. त्याच मुलीने बोर्डावरून एकेक गोष्ट काढत नेली. आधी पंप काढला, मग रिले, मग कोडमधला वायफायचा भाग. ‘सर, वायफाय काढलं की रीडिंग येतंय.’ तेवढं हातात आल्यावर मी एआयला नेमकं विचारलं: ईएसपी३२ वर वायफाय चालू असताना जीपीआयओ ४ वर ॲनालॉग रीडिंग घेता येतं का? क्षणात बरोबर उत्तर आलं. या बोर्डावर ॲनालॉग, म्हणजे कमी-जास्त होणारा व्होल्टेज वाचणारे दोन भाग आहेत. जीपीआयओ ४ दुसऱ्या भागात येतो, आणि तो भाग वायफाय चालू असताना वायफायच वापरतं. सेन्सर ३२ ते ३९ यांपैकी एखाद्या पिनला न्यायचा. आम्ही ३४ ला नेला आणि प्रकल्प आजही शाळेच्या बागेत चालतो.

म्हणजे माहिती त्याच्याकडे होतीच. नेमका प्रश्न आमच्याकडे नव्हता, आणि तो आला तो वायर काढून-लावून बघणाऱ्या मुलीकडून. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात त्याचे संस्थापक डॉ. कलबागांनी १९८३ पासून कामातून शिकण्याचा जो आग्रह धरला, तो मला त्या दिवशी खरा कळला.

आता आमच्याकडे आधी वहीत सर्किट पेन्सिलीने काढायचं. कोणती वायर कुठे, किती व्होल्ट, कोरड्या आणि ओल्या मातीत काय रीडिंग यावं असा अंदाज, सगळं मुलांच्या अक्षरात. मग एकच भाग जोडून सिरीयल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत, आकडा बघायचा. एआय त्यानंतर, आणि विचारताना आपण काय जोडलंय, काय अपेक्षित होतं, काय दिसतंय हे तिन्ही सांगायचं. मराठीत विचारलं तरी चालतं. मिळालेल्या कोडमधली जी ओळ मुलाला समजावता येत नाही, ती बोर्डवर चढवायची नाही. वेळ लागतो, वर्षात प्रकल्प कमी होतात. मला ते चालतं.

जाता जाता एक टीप: एलईडी मंद-तेज करायचा किंवा बझरचा कोड एआयकडून घेतला आणि ‘एलईडीसी सेटअप’ (ledcSetup) या फंक्शनवर एरर आली, तर मुलांना दोष देऊ नका. आर्डुइनो या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये ईएसपी३२ साठी जे पॅकेज टाकतो, त्याच्या ३.० आवृत्तीत ते फंक्शन काढून टाकलंय, एआय बऱ्याचदा जुनंच देतो.

सहावी-सातवीला मी चॅट देतच नाही. चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांना तो वापरता येत नाही, १८ पर्यंत पालकांची संमती लागते. मी माझ्या खात्यावरून प्रोजेक्टरवर दाखवतो, कुणाचं नाव किंवा फोटो टाकत नाही. याबाबत लेखी मार्गदर्शन मिळावं म्हणून एका कार्यालयाला दोनदा पत्र दिलं. उत्तर नाही. फोन केला तर ‘तुमच्या पातळीवर बघा.’ आणि पुढच्या तिमाहीत त्यांच्याकडूनच तक्ता आला: एआयवर आधारित प्रकल्पांची संख्या, सोबत फोटो. मुलं काय शिकली याचा रकानाच नव्हता. असो, यावर लिहायला बसलो तर तुमचा प्रश्न बाजूला राहील.

लहान मुलांसाठी गूगलचं टीचेबल मशीन घ्या; त्यात फोटो दाखवून संगणकाला वस्तू ओळखायला शिकवता येतं. आम्ही कच्चे-पिकलेले टोमॅटो ओळखायला लावले. मुलांनी पिकलेल्यांचे सगळे फोटो खिडकीजवळच्या टेबलावर काढले आणि कच्च्यांचे कोपऱ्यात. मैदानात नेल्यावर तो प्रोग्रॅम हिरव्या टोमॅटोलाही पिकलेला म्हणू लागला. सातवीतला मुलगा म्हणाला, ‘त्याने टोमॅटो नाही बघितला सर, ऊन बघितलं.’ मग त्यांनी स्वतःच फोटो पुन्हा काढले, वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी.

पैसे आले तर आधी व्होल्ट वगैरे मोजायचा मल्टिमीटर घ्या, दर गटाला एक. आमच्याकडे तीस मुलांत दोन होते आणि अर्धा तास रांगेतच जायचा. वहीचं पान आम्ही कसं आखतो त्याचा फोटो हवा असेल तर सांगा, शनिवारी लॅब उघडली की टाकतो.