फोडणीच नकोशी झालीय

प्रश्न : मावशी, जानेवारीत मला फ्लू झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. महिनाभर कापूरसुद्धा कळेना. आता कळतं, पण भलतंच! कांदा तेलात पडला की रबर जळल्यासारखं येतं, कॉफी तर गटारासारखी. स्वयंपाक माझ्याच हातात, त्यामुळे दोन्ही वेळा नाकाला ओढणी बांधून ओट्याशी उभी असते. तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरलंय. सासूबाई म्हणतात, नखरे आहेत. नवरा म्हणतो, आमटी रोज खारट होते. नाक ताळ्यावर येईपर्यंत मी खाऊ तरी काय?
— एक वाचक (वय ३६), बार्शी

उत्तर : वय लिहिलंयस म्हणून 'अगं' म्हणते, चालेल ना?

अगं, हे नखरे नाहीत. सासूबाईंना पटवायचं तर एक गंमत करायला सांग. नाक घट्ट दाबून बडीशेप चावायची. नुसतं गोडसर काहीतरी लागतं, भुसा चघळल्यासारखं. मग नाक सोडायचं, की बडीशेप एकदम 'येते', घशाच्या मागून वर नाकात. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि टोमॅटोत किंवा मटणाच्या रश्श्यात असतो तो भरीव उमामी, एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती बरीचशी नाकाची करणी. तुझी जीभ बहुधा शाबूत आहे. साखर, मीठ, लिंबू, मेथीदाणा जिभेवर ठेवून बघ, कळेल.

आता हे रबर कुठून आलं? नाकाच्या आत, अगदी वर, वास टिपणारं अस्तर असतं. विषाणूने ते दुखावतं. त्यातल्या पेशी नव्याने उगवतात, पण सगळ्या एकदम नाही, म्हणून मेंदूला अर्धवटच खबर पोचते. कांदा-लसूण, कॉफी, अंडी, भाजलेलं-परतलेलं काहीही, यांतले काही घटक इतके उग्र असतात की उरलंसुरलं नाक नेमके तेच पकडतं. बाकीचा सुवास गळून जातो आणि उरतं ते गटार. महिनाभर काहीच कळत नव्हतं आणि आता निदान वाईट का होईना कळतंय, हे मी तरी वाईट लक्षण मानत नाही.

मी हे स्वतः भोगलंय. सोलापुरात एका इस्पितळात सव्वीस वर्षं रुग्णांचा आहार ठरवला. तोंडाला चव नाही म्हणणाऱ्यांना "थोडं खाऊन घ्या हो" म्हणायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. मग एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला. एका संध्याकाळी मी ओट्यापाशी वर्तमानपत्र वाचत उभी, आणि शेजारीण धावत आली, "अहो, दूध करपतंय!" पातेलं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. त्या दिवशी त्या सगळ्या रुग्णांची मनातल्या मनात माफी मागितली.

खाण्याचं म्हणशील तर पहिला नियम, गरम नको. वाफ म्हणजेच वास. गार किंवा कोमट जेव. मला सगळ्यात आधी चालली ती आपली कडक भाकरी, दह्यात कुस्करून. मोड आलेले मूग वाफवून पूर्ण गार करायचे, वर लिंबू, मीठ, ओलं खोबरं, हिरवी मिरची. फोडणी नाही. दहीभातात डाळिंबाचे दाणे आणि काकडी घाल, दाताखाली काहीतरी कुरकुरलं पाहिजे. मिरचीचा जाळ, आल्याचा चटका, पुदिन्याचा गारवा हे वासाच्या नसेचं काम नाही, चेहऱ्याच्या वेगळ्याच नसेचं आहे, म्हणून ते तुला लागेल. शेंगाचटणी मात्र तूर्त नको. जीव तुटतो हे सांगताना, पण भाजलेले दाणे आणि लसूण, दोन्ही शत्रू एकाच वाटीत. सहा किलो उतरलेत, तेव्हा भुकेची वाट बघू नकोस. दर अडीच-तीन तासांनी घड्याळ बघून वाटीभर खा, आणि त्यात दही, पनीर, मूग, हरभरे यांतलं काहीतरी असू दे.

नाकाचा व्यायामही कर. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे डॉ. थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला : गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. मी औषधाच्या चार रिकाम्या बाटल्या घेतल्या. गुलाबाचं अत्तर आणि निलगिरीचं तेल कापसावर, लिंबाची ताजी साल, कुटलेली लवंग. प्रत्येक वास पंधरा-वीस सेकंद, हलके हलके हुंगायचा आणि तो पूर्वी कसा यायचा ते आठवायचं. तेल नाकात घालायचं नाही. रोज कॅलेंडरवर खूण करत होते. सातव्या आठवड्यात लिंबाची बाटली उघडली तर काहीतरी 'पिवळं' आल्यासारखं वाटलं. लिंबू नव्हे, पण काहीतरी. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि बारा आठवड्यांत भागेलच असंही नाही.

तीन महिने झाले आहेत आणि वजनही घटलंय, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. एकच नाकपुडी बंद राहत असेल किंवा रक्त येत असेल तर उद्याच जा. कोणी सांगितलं म्हणून झिंकच्या गोळ्या सुरू करू नकोस. कमतरता नसेल तर त्यांचा उपयोग नाही.

आणि गॅस! सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. तेच तुला नीट कळेल याची खात्री नाही. रात्री रेग्युलेटर बंद कर, जमलं तर गळती ओळखणारं यंत्र बसवून घे, आणि १९०६ हा गळतीचा नंबर फ्रिजवर लिहून ठेव. उरलेलं अन्न हुंगून ठरवू नकोस, डब्यावर वार लिही.

राहिली आमटी. वास नसला की हात आपोआप मिठाकडे जातो. मीठ चमच्याने मोज, आणि फोडणी घालायचं काम नवऱ्याला दे. तेवढा वेळ तू गच्चीत जाऊन बस. आमटी चाखायला सासूबाई आहेतच.