'बिल्ला' की 'ओळखचिन्ह'? पोलिश मजुरांच्या कपड्यांवरचा 'पी'

प्रश्न असा आहे : दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत राबवलेल्या पोलिश लोकांच्या कपड्यांवर 'पी' अक्षर असे, त्याला मराठीत 'बिल्ला' म्हणावे का? आणि त्या लोकांना 'वेठबिगार' म्हणावे की 'सक्तमजूर'?

'बिल्ला' चूक नाही, पण मी तो टाळेन. आपल्याकडे बिल्ला हमालाच्या दंडावर असतो, स्वयंसेवकाच्या छातीवर असतो. तो लावणाऱ्याला काहीतरी करायची मुभा मिळते. या 'पी'ने उलट मुभा काढून घेतली. तो अंगावर असलेल्या माणसाला परवानगीशिवाय बस-रेल्वेत बसता येत नसे, जर्मन लोकांच्या खानावळीत जाता येत नसे. जर्मन स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पोलिश पुरुषाला तर फाशीची शिक्षा होती. म्हणून 'ओळखचिन्ह' बरे, आणि पहिल्या उल्लेखात 'कापडी ओळखचिन्ह'.

क्रियापदही जपून वापरावे. ८ मार्च १९४०च्या फर्मानानुसार हे चिन्ह प्रत्येक कपड्यावर, छातीच्या उजव्या बाजूला, पक्के शिवलेले असायला हवे होते. तेव्हा 'लावलेले' नको, 'शिवलेले'च लिहा. ५ सेंटिमीटर बाजूचा, टोकावर उभा केलेला पिवळा चौरस, त्याला जांभळी किनार आणि आत जांभळा 'पी'. ते न घातल्यास १५० राइशमार्कपर्यंत दंड किंवा सहा आठवड्यांपर्यंत कैद. छळछावणीतल्या पोलिश कैद्यांच्या लाल त्रिकोणातही 'पी' असे, पण ते चिन्ह वेगळे. ज्यूंना खुद्द जर्मनीत पिवळा तारा सक्तीचा झाला तो सप्टेंबर १९४१मध्ये, म्हणजे या 'पी'नंतर दीड वर्षाने.

आता दुसरा शब्द. 'सक्तमजुरी' म्हटले की कोर्टाची शिक्षा आठवते, आणि या लोकांवर कुठलाही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. 'वेठबिगार' अर्थाने जवळचा, कारण जुनी वेठ सत्तेच्या हुकुमानेच घेतली जाई. पण आजच्या वाचकाला त्यातून सावकार आणि कर्ज दिसते. पोलंडमध्ये कर्ज नव्हते. गावागावांवर माणसांचा कोटा लादला जाई, रस्त्यात घेराव घालून माणसे उचलली जात. मी 'सक्तीचे मजूर' असे दोन शब्द वापरीन. जर्मन कागदोपत्री मात्र ते 'नागरी कामगार' होते. हजारो पोलिश युद्धकैद्यांचा कैदी हा दर्जा काढून त्यांनाही याच नावाखाली आणले गेले, म्हणजे जिनिव्हा कराराचे संरक्षणच गेले. हा शब्द मराठीत अवतरणचिन्हांशिवाय कधीही वापरू नये, नाहीतर आपणही ती लबाडी पुढे चालवतो.

प्रश्नकर्त्यांनी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा उल्लेख केला आहे. तिथे १९४३पासून राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित मुख्यतः पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने १९४०-४१मध्ये हद्दपार केलेले होते आणि इराणमार्गे आले होते. त्यांच्या हकिकतीत हा 'पी' घालू नये.