‘द गॉडफादर’मध्ये ‘माफिया’ हा शब्द का ऐकू येत नाही?

निर्माते अल्बर्ट रुडी यांनी १९७१ मध्ये जोसेफ कोलंबो याच्या इटालियन-अमेरिकन नागरी हक्क संघटनेशी समझोता केला, म्हणून १९७२ च्या या चित्रपटातून तो शब्द वगळला गेला. कोलंबो स्वतःच न्यूयॉर्कमधील पाच गुन्हेगारी घराण्यांपैकी एकाचा प्रमुख होता आणि त्याचा विरोध मावळल्यावरच तेथील चित्रीकरणाची वाट मोकळी झाली. रुडी यांनी पुढे सांगितलेली आठवण फार बोलकी आहे: पटकथा हाती घेतलेल्या कोलंबोने पहिल्याच पानावर अडखळून ‘फेड इन’ (दृश्य हळूहळू उजळत सुरू होण्याची पटकथेतील नेहमीची सूचना) म्हणजे काय, असे विचारले. मात्र मूळ पटकथेतच तो शब्द जेमतेम आला होता. १९७४ च्या दुसऱ्या भागात, सिनेट समितीच्या चौकशीत, तो उघडपणे उच्चारला जातो.